नऊ तोंडांची बाळंतीण

माझी थाप ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर दोरखंडानं बांधलेली होती आणि शहाद्याच्या बसस्टँडसमोरून हळूहळू चालली होती. बशीतला चहा मी तोंडाशी नेला होता, तो तसाच राहिला. थंडी अशी की चहाच्या वाफेत समोरची दुकानं दिसेनात, पण ट्रॉली दिसली. मधोमध एक लोखंडी पोट आणि त्याभोवती गोल बसवलेले नऊ सिलिंडर, बाहेरच्या बाजूला तोंडं करून. जेवायला पंगत बसावी आणि सगळ्यांनी ताटाकडे पाठ फिरवावी तसे. प्रत्येकाला मनगटापासून कोपरापर्यंत बांगड्या भरल्यासारख्या पातळ चकत्या. एवढी वर्षं मी हे विमानाचं इंजिन हवेत हातांनी काढून दाखवत आलो होतो. या चहाच्या बाकावर, शेतात, लग्नाच्या मांडवात, एकदा तर मयताच्या घरी दहाव्याला. लोक हसायचे, मांडीवर थाप मारायचे आणि उठून जायचे. आणि आता तेच इंजिन गतिरोधकावर आदळलं, ठण्ण वाजलं, आणि त्या आवाजासरशी मी बाकावरून अर्धा उठलो. आनंद होता की भीती, ते अजून मला नीट सांगता येत नाही. आपण रचलेला माणूस अचानक दारात उभा राहून पाणी मागायला लागला तर कसं वाटेल, तसं काहीसं.

शेजारी प्रेमचंद बसला होता. त्याचं कापडाचं दुकान चहावाल्याच्या भिंतीला भिंत लावून आहे. कायमचा श्रोता आणि कायमचा वैरी असा हा माणूस. माझी एकही गोष्ट त्यानं कधी चुकवली नाही आणि एकीवरही विश्वास ठेवला नाही.

"पितांबर," तो मफलरमधून म्हणाला, "देख, तुन्ही थाप जाई ऱ्हायनी."

"थाप नही, इंजिन शे ते. मी सुरू करेल शे त्याले. पंजाबमा. कडाक्यानी थंडीमा."

"हाच एक बाकी व्हता का तुन्हा हाते सुरू व्हवाना?"

ट्रॅक्टर नवनीतभाईचा होता. प्रकाशाच्या रस्त्याला त्याची केळी आहेत, केळी पिकवायच्या खोल्या आहेत, आणि मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये जुन्या यंत्रांचा पांजरपोळ आहे. कुठल्याशा बंद पडलेल्या फवारणी कंपनीच्या लिलावातून त्यानं हे इंजिन उचललं होतं. संक्रांतीला सगळ्यांसमोर सुरू करायचं, हे त्यानं आधीच गावभर सांगून ठेवलं होतं. सांगण्यात तोही काही कमी नाही. त्यानं मला पाहून ट्रॅक्टर थांबवला आणि वरूनच ओरडला, "आबा, हाऊच ना तुमना तो?" बाकावरची सगळी माणसं माझ्याकडे बघायला लागली. मी मान हलवली. मान हलवल्यावर प्रेमचंद जागेवरून उठला, आणि तो उठला म्हणजे काहीतरी वाईट घडणार हे मला माहीत आहे.

"मग पितांबरच सुरू करी," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "पन नुसतं फुरफुरनं तं धरावनं नही. मी एक कप चहा पिसू. चहा संपस तोपावत ते चालनं जोयजे."

"आन नही चालनं तं?"

"तं आजपाईन तुन्हं तोंड बंद. गोट नही, थाप नही. आठे येवानं, चहा पेवानं, घर जावानं."

सगळे हसले. मीही हसलो. "मंजूर," म्हणालो. मग बशीतला चहा प्यायलो, तर तो गार झाला होता.

घरी चालत येताना मला पहिल्यांदा कळलं की मी काय कबूल करून बसलो. माझ्याकडे दुसरं काय आहे? पुरुषोत्तमनगरच्या साखर कारखान्यात बॉयलरवर नोकरी केली, ती सुटली. जमीन मुलगा धर्मेंद्र बघतो आणि मी बांधावर गेलो तर तो मला सावलीत खुर्ची टाकून देतो. गुडघे गेले, एक डोळा अर्धा गेला. तोंड मात्र शाबूत. सकाळी उठलं की आज काय सांगायचं याची जुळवाजुळव करत मी दात घासतो. तापीच्या पुरात मगरीच्या पाठीवर बसून प्रकाशाच्या घाटाला लागलेला माणूस मी आहे. तोरणमाळच्या तळ्यावर मध्यरात्री चंद्र धुतलेला माणूस मी आहे. हे सगळं गेलं तर चहाच्या बाकावर एक म्हातारा उरेल, कानटोपी घातलेला, बोटं बशीवर शेकणारा. तसले तीन आधीच तिथं बसतात. त्यांच्याकडे कुणी बघत नाही. मी रस्त्याच्या कडेला थांबलो आणि उगाच मोठ्यानं खोकून पाहिलं, आवाज आहे ना म्हणून.

पण खरी भीती वेगळीच होती, ती अंगणात पोचल्यावर उमगली. इंजिनाची गोष्ट खोटी नव्हती. माझ्या सगळ्या गोष्टींत ती एकच अशी होती की जी मुळात घडली होती. विशीत होतो. कापसावर औषध मारायला विमान यायचं, त्यासाठी गावाबाहेर मुरूम दाबून पट्टी केलेली होती. मी तिथं औषधाचे पिंप उचलायला लागलो आणि त्या हिवाळ्यात कंपनीबरोबर थेट पंजाबात गेलो. तिथं सकाळी विमानाच्या पंखांवर बर्फाची साय धरायची. तिथं कर्तारसिंग मिस्तरीनं मला थंड इंजिन पांघरूण आणि शेक देऊन जागं कसं करायचं ते दाखवलं होतं. इथवर शपथेवर सांगतो. त्यापुढे मात्र मी ती गोष्ट इतक्यांदा सांगितली, दरवेळी इतकी घासली, वळवली, तिला इतके दागिने घातले, की आता तिच्याकडे बघितलं तर मूळची बाई कुठली आणि दागिना कुठला ते मलाच ओळखू येईना. चाळीस गोधड्या मी घातल्या होत्या का? चाळीस नव्हत्या, हे नक्की. मग किती? कोळसे की स्टोव्ह? ओवा तर मी नक्कीच नंतर घातला. की घातला होता? मी ओट्यावर बसून डोळे मिटले आणि पंजाब आठवायला लागलो, तर पंजाबात मला हा चहाचा बाक दिसायचा आणि हसणारी माणसं.

ओव्याचं कारण आमच्या घरातच आहे. पंजाबातून आलो तेव्हा धर्मेंद्र सहा दिवसांचा होता. आतल्या खोलीत माझी बायको प्रमिलाबाई बाजेवर गोधडी पांघरून पडलेली, बाजेखाली शेगडी, शेगडीवर ओवा आणि शेपा टाकलेल्या, खोलीभर धूर. मी दारात उभा राहिलो आणि मला हसू फुटलं. आठ दिवसांपूर्वी मी इंजिनाला नेमकं हेच करून आलो होतो. वरून पांघरूण, खालून शेक, आणि मध्ये मिस्तरी हात घालून बघतोय, अंग ऊब धरतंय का. मी तिला म्हटलं, "तू तं नऊ सिलिंडरनी दिखी ऱ्हायनी." ती सहा दिवसांची बाळंतीण काय बोलली ते इथं लिहिण्यासारखं नाही. पण त्या दिवसापासून गोष्टीत इंजिन बाळंतीण झालं, नऊ तोंडांची, आणि लोक हसायला लागले. लोक हसले म्हणून गोष्ट टिकली.

दोन दिवसांनी, संक्रांतीच्या भल्या सकाळी, आम्ही नवनीतभाईच्या शेडमध्ये जमलो. पेपरात शहाद्याचा पारा सहावर आल्याची बातमी होती आणि सातपुड्यातल्या डाबला दवबिंदू गोठल्याचा फोटो होता. इंजिन लोखंडी घोडीवर चढवलेलं, पुढं लाकडी पंखा, मागं तेलाची टाकी. मी सिलिंडरवर तळहात ठेवला. ओल्या पाटीवर हात ठेवल्यासारखं, हाडात शिरणारं गार. नवनीतची आंडेर, म्हणजे लेक, भाविका नाशिकला इंजिनियरिंग शिकते, ती सणाला घरी आलेली. तिनं नऊ सिलिंडरांना नऊ तारा चिकटवल्या होत्या आणि त्या एका डबीत नेल्या होत्या. डबी बटण दाबलं की एकेकाचा ताप सांगायची.

"आबा, सगळे सातवर," ती म्हणाली. "तुमना हिशोबे कितलं जोयजे?"

"कोमट लागाले जोयजे. बाळना दूधसारखं."

"आकडा सांगा ना."

"बाळले इचार."

ती हसली, पण डबी तिनं खाली ठेवली नाही. मला ती पोर आवडली. तेवढ्यात शेडच्या दारातली गर्दी फाकली आणि प्रमिलाबाई आत आली. डोक्यावर पदर, हातात आमची जुनी शेगडी, मागं सून रुपा, तिच्या डोक्यावर गोधड्यांचं गाठोडं. मी तिला बोलावलं नव्हतं. एवढ्या वर्षांत माझ्या कुठल्याही गोष्टीला ती ऐकायला बसलेली मला आठवत नाही. मी बोलायला लागलो की ती भांडी घासायला उठते. तिनं इंजिनाभोवती एक फेरी मारली, खालीवर पाहिलं, आणि नवनीतच्या गड्यानं पेटवलेल्या पऱ्हाटीच्या, कापसाच्या वाळल्या काड्यांच्या, जाळाकडे बघून तोंड वाकडं केलं.

"ह्या पऱ्हाट्या उचला आठून. भडकतीन आन इझी जातीन. बाभूळना निखारा आना." मग माझ्याकडे न बघता, "आन तुम्ही सरका. तुम्हले शेक देता येस नही, तुम्हले नुसतं सांगता येस."

शेड खदखदून हसलं. मी सरकलो. तिनं निखाऱ्यावर राखेचा हात फिरवला, शेगडी इंजिनाखाली सरकवली, वरून गोधड्या टाकल्या, पुढून मागून खोचल्या, धूर जायला वर एक फट ठेवली. पेट्रोलचा डबा तिनं स्वतः लांब भिंतीपाशी नेऊन ठेवायला लावला. हे मात्र मी सांगितलं होतं. आणि मग गावातल्या बायकांनी पदराच्या गाठी सोडल्या. माझी गोष्ट ऐकत ऐकत वाढलेलं गाव ते. विमानाच्या इंजिनाला ओवा लागतो यात कुणालाच शंका नव्हती. प्रत्येकीनं घरून मूठभर आणला होता. मी गोधडीची कड वर धरली. ओव्याचा धूर गोधडीतून वर आला आणि सगळं शेड बाळंतिणीच्या खोलीसारखं वास मारायला लागलं. प्रेमचंद नाकाला मफलर लावून म्हणाला, "आते बारसं बी करी टाका."

भाविका आकडे वाचत होती. खालचे दोन चाळीस, वरचा अजून बारा. प्रमिलाबाईनं ऐकलं, फट थोडी बुजवली, वरची गोधडी दुहेरी केली. वरचा वीस झाला, तीस झाला. मी हाताची मागची बाजू सिलिंडरला लावत फिरलो, मिस्तरी फिरायचा तसा, एकेकाचं कपाळ बघितल्यासारखा. ऊब सगळीकडे सारखी व्हायला दुपार कलली. मग शेगडी बाहेर, गोधड्या बाहेर. खालच्या दोन सिलिंडरांचे प्लग मी काढायला लावले, कारण बसून राहिलेल्या इंजिनाचं तेल पायात उतरतं, बाळंतिणीच्या पायाला सूज येते तसं. ते काळं तेल भळभळ बाहेर आलं आणि लोकांनी 'बाप रे' केलं. पंखा हातानं फिरवला. जड होता, चिखलातल्या म्हशीला ओढावं तसा. पण फिरला.

प्रेमचंदनं चहाचा कप हातात घेतला. नवनीत आणि त्याचा ट्रॅक्टरवाला हँडलला लागले. आतलं चाक फिरायला लागलं, आवाज चढत गेला, माशीचा, मग भुंग्याचा, मग भोंग्याचा, आणि मी ते चाक इंजिनाला जोडणारी दांडी ओढली. एक सिलिंडर खोकला. मग तीन. मग धुराचा ढग, आणि धडधडधड. सगळं शेड ओरडलं. मी ओरडलो. पंखा गोल झाला, दिसेनासा झाला. आणि तेवढ्यात भाविका किंचाळली, "तेल! काटा उठेना! आबा, प्रेशर नाहीये!" तिनं इंजिन बंद करायचं बटण दाबलं. पंखा पुन्हा लाकडाचा झाला. हलत हलत थांबला.

गरम सिलिंडर टिकटिक करत आकसायला लागले. प्रेमचंदनं कपात बघितलं. "एक घोट," तो म्हणाला. "तो बी फुकी पेवाना व्हता." पण तो हसला नाही, आणि ते जास्त वाईट होतं. नवनीत इंजिनाच्या पोटावर हात ठेवून उभा होता. तेलाशिवाय आणखी थोडं चाललं असतं तर आतलं सगळं एकमेकांना खाऊन बसलं असतं, हे त्याला कळत होतं, मलाही. "आबा, सकाळी अजून एकदा," तो शेवटी म्हणाला. "सकाळी नही जमनं तं मी ते तसंच रंग लाईसन दारमा शोभाले ठेवसू." प्रेमचंदनं मान हलवली. सकाळी. शेवटचं.

त्या संध्याकाळी मी चहाच्या बाकावर गेलो नाही. जेवताना बोललो नाही. रुपानं दोनदा विचारलं, आबांना बरं नाही का. मी गप्प राहण्याचा सराव करून बघत होतो. फार वाईट असतं ते. तोंडात शब्द येतात, गालात साठतात, मग गिळावे लागतात, आणि ते खाली जाऊन पोटात इकडेतिकडे फिरत राहतात. अंथरुणात पडून मी इंजिनाची गोष्ट स्वतःला सांगायला लागलो, पहिल्यापासून, आणि प्रत्येक पायरीपाशी थांबून विचारायला लागलो, ही का आठवते? गोधडी आठवते, कारण तिथं लोक हसतात. शेगडी आठवते, तिथं हसतात. पायाची सूज, हसतात. हातानं पंखा फिरवायचा, म्हशीचं सांगतो तेव्हा हसतात. हसण्यानं जेवढं धरून ठेवलं तेवढंच माझ्याकडे उरलं होतं. म्हणजे जे गळालं ते असं काहीतरी असणार की ज्यावर एकदाही कुणी हसलं नाही. रटाळ काहीतरी. मीच एखाद्या दिवशी, ऐकणाऱ्याची जांभई बघून, गाळून टाकलेलं. मी माझ्या सगळ्या गोष्टींत रटाळ जागा शोधत फिरलो, आणि मला एकही सापडेना. एरवी याचा मला अभिमान वाटला असता.

सकाळी उठलो तेव्हा अंगणात प्रमिलाबाई केस सोडून चुलीपाशी बसली होती. हातात खोबरेल तेलाची बाटली, उलटी धरून ती तळहातावर आपटत होती. तेल पांढरं दगड झालेलं. आपटलं तरी हलेना. तिनं वैतागून बाटली माझ्याकडे सरकवली.

"धरा. चूलजोगे ठेवा. जोगे, चूलमा नही."

मी बाटली धरली. थंड, जड, आत पांढरं, न हलणारं. ती चुलीच्या भिंतीला टेकवून मी तिच्यासमोर उकिडवा बसलो आणि बघत राहिलो, कारण दुसरं काही काम नव्हतं. काठाशी तेल आधी पारदर्शक झालं. मग मधला गोळा सुटला आणि बाटलीत एका बाजूला झुकला. आणि त्याच क्षणी माझ्या नाकात वास आला. खोबरेलाचा नव्हता तो. गरम मशीनच्या तेलाचा, आणि त्यात भाजलेल्या रोटीचा. एक चूल, मातीची, तंबूच्या आत. चुलीवर तवा. तव्याच्या दोन्ही बाजूंना दोन काळे डबे, झाकणं लावलेले, आणि कर्तारसिंग रोटी उलटता उलटता प्रत्येक डब्याला बोट लावून बघतोय. संध्याकाळी विमान उतरलं की तो इंजिन गरम असतानाच टाकीतलं सगळं तेल काढून घ्यायचा. रात्रभर ते तंबूत, माणसांबरोबर. सकाळी इंजिनाला शेक, आणि तेल वेगळं, चुलीवर, गरम. मग ओतायचं. रोट्यांना रोज तेलाचा वास यायचा आणि मी रोज तक्रार करायचो. मिस्तरी म्हणायचा, "ओये, मुँह बाद में चला, पहले डब्बा पकड़." एवढंच. यात हसण्यासारखं काही नव्हतं. एक माणूस डबा गरम करतो. कोण हसणार? मी सांगायचं सोडून दिलं, आणि डबा, चूल, वास, सगळं गेलं.

काल आम्ही बाळंतिणीला शेकलं होतं आणि तिच्या घशात गोठलेलं तेल ओतलं होतं. अंग ऊब धरलेलं, आणि टाकीतलं तेल काकवीसारखं आळलेलं. पंप ओढणार काय?

"तेल!" मी ओरडलो.

"व्हई ऱ्हायनं ना पातळ," प्रमिलाबाई म्हणाली. "इतली घाई कसानी?"

मी तिला सांगितलं. सगळं, डब्यासकट, रोटीसकट. मध्ये एकही मगर न घालता. ती केस तसेच मोकळे ठेवून ऐकत होती, आणि माझं ऐकताना तिचा हात पहिल्यांदाच भांड्याकडे गेला नाही. मग तिनं वितळलेलं तेल डोक्यावर थापलं, केसांचा अंबाडा बांधला आणि म्हणाली, "जर्मनना मोठा पातेला लागी. तेल थेट जाळवर नका ठेवजात. पानीमा डबा ठेवा, पानी उकळू द्या." बंबाशेजारचं लग्नातलं पातेलं तिनं स्वतः उचललं.

शेडमध्ये टाकीचा नळ सोडला तर तेलाची धार निघाली ती तुटता तुटेना आणि खालीही पडेना, लोंबत राहिली. भाविकानं ती बघितली आणि कपाळावर हात मारला. "मी नऊ सिलिंडर मोजत बसले," ती म्हणाली, "आणि टाकीला एक तार नाही लावली." तिनं लगेच दहावी तार आणली. एकीकडे गोधड्यांखाली शेगडी, दुसरीकडे बाभळीच्या जाळावर पातेलं, पातेल्यात काळे डबे, आणि मी दोन्हींच्या मध्ये, एक हात सिलिंडरवर, एक डब्यावर. बायका पुन्हा ओवा घेऊन आल्या. प्रमिलाबाईनं तो सगळ्यांकडून घेतला आणि निखाऱ्यावर टाकला. "काल बी टाका व्हता ना," ती मला म्हणाली, "मंग आज काब्र नही?" तेल पातळ झालं, मधासारखं, मग पाण्यासारखं. नळ्यांना गरम फडकी गुंडाळली. शेगडी काढली, तेल ओतलं, वाफ आली. मी पंखा धरून ओढला.

तो फिरला. काय सांगू, तो फिरला. काल म्हैस होती. आज तेल दिलेल्या बिजागरीचं दार होतं. आत कुठंतरी मऊ, ओलं, गिळल्यासारखं झालं, आणि ते माझ्या हातातून खांद्यात आलं. तेव्हाच मला कळलं. नवनीत हँडलवर वाकायच्या आधी, कुणाला काही कळायच्या आधी, तिथं मी एकटा होतो की ज्याला ठाऊक होतं. मी विशीतला होतो, बोटं सुन्न होती, आणि पंजाबातलं धुकं फाटत होतं. मी एवढी वर्षं जे सांगत आलो ते झालं होतं. सगळं झालं होतं. मी तिथं होतो.

"कप भर रे," मी प्रेमचंदला म्हणालो. "पुरा भर."

हँडल फिरलं. माशी, भुंगा, भोंगा. मी दांडी ओढली. एक खोकला, निळा धूर, दुसरा, मग सगळे एकदम, वर्गात मास्तर आल्यावर पोरं उठतात तसे. भाविका डबीकडे बघतच नव्हती, ती तेलाच्या काट्याकडे बघत होती, आणि काटा शून्यावर होता, होता, आणि मग उचलला. नुसता उचलला नाही, चढला. तिचं तोंड हललं, शब्द ऐकू आले नाहीत, पण तिनं दोन्ही हात वर केले. मग ती डबी माझ्यासमोर धरून नाचायला लागली. साठ, ऐंशी, शंभर, नऊच्या नऊ सिलिंडर एकमेकांचा हात धरून जिना चढावेत तसे. वाऱ्यानं शेडच्या मागचा पडदा फाटून केळीच्या बागेत गेला. गोधड्या उडाल्या. कुणाची टोपी, कुणाचा रुमाल, नवनीतनं पाहुण्यांसाठी मांडलेल्या खुर्च्या, सगळं मागं चाललं होतं, आणि मी त्या वाऱ्याच्या कडेला उभा होतो, कानटोपी हातात धरून. आवाज छातीत होता, दातांत होता, जमिनीतून गुडघ्यात येत होता, आणि गुडघे दुखत नव्हते. प्रमिलाबाई कानांवर पदर दाबून उभी होती. तिनं माझ्याकडे बघून काहीतरी ओरडून विचारलं. मला ऐकू आलं नाही. मी हात कानामागं नेला. ती जवळ आली, माझ्या कानाशी तोंड आणून ओरडली, "बठ्ठंच खरं व्हतं का?" मी मान हलवली. हो, सगळंच, म्हणून. जे तिला हवं ते तिनं घ्यावं. तिनं माझ्या पाठीत एक जोरदार धपका घातला आणि हसली. ते हसणं मी ऐकलं नाही, बघितलं.

प्रेमचंद खांबाला पाठ लावून चहा पीत होता. चहा वाऱ्यानं कपाच्या काठाला लागून शिंतडत होता, पण तो इमानदार माणूस, घोट घोट पीत राहिला. संपला तेव्हा त्यानं कप उलटा करून सगळ्यांना दाखवला. इंजिन चालूच होतं. त्यानं दुसरा कप मागवला. तोही प्यायला. तिसऱ्याला नवनीतनंच हातानं खूण करून बंद करायला लावलं, नाहीतर प्रेमचंद संध्याकाळपर्यंत पीत बसला असता.

संध्याकाळी चहाच्या बाकावर जागा नव्हती. माझ्यासाठी दोघं उठले. डामरखेड्याची माणसं आली होती, सारंगखेड्याचा एक घोड्यांचा व्यापारी होता, एसटीचे दोन कंडक्टर गाडी सोडून उभे होते. कुणीतरी भाविकानं पाठवलेला व्हिडिओ मोबाइलवर लावला होता. माझे कान अजून गुणगुणत होते. मी बशीत चहा ओतला, फुंकर मारली, आणि घसा साफ केला. आवाज होता. जागच्या जागी होता, धुतल्यासारखा.

"अकरा सिलिंडर," मी सुरुवात केली. "अकरा तोंडांची बाळंतीण."

"आबा, व्हिडिओमा तं नऊच दिखी ऱ्हायनात," घोड्यांचा व्यापारी मोबाइल डोळ्यांशी नेऊन म्हणाला.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी काही बोलायच्या आत प्रेमचंदनं मफलर खाली केला, हातातला कप बाकावर ठेवला, आणि त्या माणसाकडे असं बघितलं की बिचाऱ्यानं मोबाइल खिशात घातला.

"दोन मांगे व्हतात," प्रेमचंद म्हणाला. "फोटोमा येतस नहीत. मी सोता मोजेल शेत. तू सांग, पितांबर."